अंडं विकलं, मग कोंबडा कोणाचा?

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बंगळूरूच्या बेळ्ळंदूरमध्ये थोरल्या बहिणीकडे आदल्या रात्री उशिरा पोचलो होतो. प्रवासाने अंग आंबलं होतं, कुठे जरा डोळा लागत होता. तोच डोक्यावरच्या गच्चीतून कोंबड्याने खणखणीत बांग दिली. पहिल्याने दिली म्हणून दुसऱ्याने दिली आणि दुसऱ्याने दिली म्हणून तिसऱ्याने. समोरच्या चौदा मजली इमारतीत दोन-तीन खिडक्यांतले दिवे लागले. पलीकडच्या खोलीतून ताईचा वैतागलेला आवाज आला, ‘‘लागले गायला!’’

सकाळी चहाबरोबर ताईने माझ्यापुढे एक कागद सरकवला. समोरच्या रहिवाशांनी सह्या करून दिलेली तक्रार होती. भाषा अगदी सभ्य, पण अर्थ स्पष्ट. आठ दिवसांत कोंबड्यांचा बंदोबस्त करा.

‘‘तू पेपरात लिहितोस, जगाला शहाणपण शिकवतोस,’’ ताई म्हणाली, ‘‘आता मला सांग, या तिघांचं मी काय करू?’’

प्रश्न साधा वाटला. पण त्याचं उत्तर शोधता शोधता मी पार झाबुआपर्यंत, इस्लामपूरपर्यंत आणि नवापूरपर्यंत जाऊन पोचलो. म्हणून हा मजकूर.

बेळ्ळंदूर म्हटलं की अनेकांना तिथला तलाव आठवेल. फेसाने भरून रस्त्यावर येणारा आणि २०१७ साली चक्क पेट घेतल्यामुळे देशभर गाजलेला. एके काळी याच तलावाच्या पाण्यावर इथे भातशेती व्हायची. आता शेतांच्या जागी संगणक कंपन्या आणि उंच इमारती आहेत. त्यांच्यामध्ये जुन्या गावातली काही दुमजली घरं तग धरून आहेत. ताईचं बिऱ्हाड अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालक, आणि त्यांची सत्तरी ओलांडलेली आई. तिला सगळे अज्जी म्हणतात. अज्जीच्या लहानपणी अंगणात कोंबड्या होत्या. गावठी कोंबडीला इकडे ‘नाटी कोळी’ म्हणतात आणि तिच्या रश्श्याचं नाव काढलं की अज्जीचे डोळे अजून चमकतात.

कोंबड्यांचं हे प्रकरण सुरू झालं ते नऊ वर्षांच्या भाचीच्या हट्टापायी. शाळेत अंड्यातून पिल्लू कसं होतं हे शिकवलं आणि तिला ते डोळ्यांनी बघायचं होतं. भाऊजींनी हौसेने उबवणीचं छोटं यंत्र मागवलं. सर्जापूरच्या पलीकडे एक जण देशी जातींची अंडी विकतो असं कळलं. ‘अस्सल झाबुआचा कडकनाथ’ असं त्याने सांगितलं. साठ रुपयाला एक या भावाने ताईने बारा अंडी घेतली.

पुढचा हिशेब ऐका. सातव्या दिवशी अंधारात अंड्यांमागे टॉर्च धरून पाहिलं, तर तीन अंडी कोरी. त्यांत जीव धरलाच नव्हता. उरली नऊ. एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं बाहेर आली, तीन कवचातच गेली. सहांपैकी एक तिसऱ्या दिवशी मान टाकून मेलं. भाची दोन दिवस जेवली नाही. राहिली पाच. ती वाढली, गच्चीवर खुराडं झालं, आणि चार-पाच महिन्यांनी उघड झालं की पाचांत दोनच तलंगा आहेत, बाकी तिघे कोंबडे. त्यातून एका तलंगेचे पाय फिकट पिवळे आणि तुरा लालभडक. कडकनाथचं म्हणजे तुऱ्यापासून नखापर्यंत काळं असायला हवं, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

मी विक्रेत्याला फोन लावला. कोंबडे परत घ्याल का, असं विचारलं. माणूस बोलायला नम्र होता. ‘‘साहेब, मी अंडी विकतो,’’ तो म्हणाला, ‘‘अंड्यातून काय निघेल ते देवाच्या हातात.’’

फोन ठेवल्यावर मला त्याचा राग आला. नंतर वाटलं, त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं काय, ते पाहायला हवं.

वाण्याकडचं अंडं आणि हे अंडं

आपण रोज खातो ते अंडं आणि उबवणीसाठी विकलं जाणारं अंडं, दिसायला सारखीच. फरक आतला आहे. अंड्यांच्या मोठ्या शेडमध्ये नुसत्या माद्या असतात, कोंबडा नसतो. त्यामुळे दुकानातलं ते अंडं कितीही ऊब दिली तरी फुटून पिल्लू बाहेर येत नाही. उबवणीचं अंडं फलित असतं. खायच्या अंड्यासाठी आपण पौष्टिकपणाचे पैसे देतो. उबवणीच्या अंड्याला जे कितीतरी जास्त पैसे पडतात, ते एका शब्दाचे असतात. आत जीव आहे आणि तो अमुक जातीचा आहे, हा विक्रेत्याने दिलेला शब्द.

असा शब्द आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. बियाण्याच्या पिशवीतही तोच असतो. म्हणून तर १९६६च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धता छापणं बंधनकारक केलं. बोगस बियाणं निघालं तर शेतकरी निदान ती पिशवी हातात घेऊन तक्रारीला जाऊ शकतो. ताईने आणलेल्या अंड्यांच्या ट्रेवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती कोणत्या दिवशी घातली, कोणत्या कळपातली, कळपात नर किती, यातलं काहीच नाही.

पूर्वी याची गरज पडत नसे. आपल्या खेड्यांत उबवणीची अंडी विकण्यापेक्षा शेजारीपाजारी बदलून घेण्याचीच रीत होती. कोंबडी खुडूक झाली की शेजारणीकडच्या चांगल्या जातीची चार अंडी आणून तिच्याखाली ठेवायची. किंवा कोंबडीच वाट्याने द्यायची. सांभाळणाऱ्याची निम्मी पिल्लं आणि मालकाची निम्मी. त्यात फसवणूक नव्हती असं नाही, पण शेजारणीचा कोंबडा कसा आहे हे सगळ्या आळीला ठाऊक असे. अंडी वाईट निघाली तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गाठ पडायचीच. आज अंडी कुरियरने शेकडो मैल जातात. पाणवठा राहिला नाही, तेव्हा त्याचं काम विक्रेत्याच्या मनालाच करावं लागतं.

देवाच्या हातात किती?

आता त्या विक्रेत्याच्या वाक्याकडे येऊ. काही गोष्टी खरोखरच त्याच्या हातात नाहीत. नर की मादी हे अंडं विकताना सांगता येत नाही. सरासरीने निम्मे नर निघणार, पण एखाद्याच्या वाट्याला पाचांत तीन येतील तर एखाद्याला पाचही. किती अंडी फुटतील याचीही हमी देता येत नाही. यंत्राचं तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास राहायला हवं, अंडी दिवसातून काही वेळा फिरवायला हवीत, शेवटचे तीन दिवस न हलवता ओलावा वाढवायला हवा. यातलं काही घेणाऱ्याच्या घरी चुकलं तर विकणाऱ्याला का धरायचं? वाटेत खड्ड्यांनी अंडी हिंदकळली, उन्हात गाडी उभी राहिली, तरी आतला जीव जातो.

पण त्याच्या हातात असलेल्या गोष्टी कमी नाहीत. अंडं किती दिवसांचं आहे हे त्याला माहीत असतं. आठवडाभराच्या आतलं अंडं चांगलं फुटतं, नंतर दर दिवसाला आशा कमी होत जाते. पंधरा दिवसांची साठलेली अंडी ताजी म्हणून खपवणं ही लबाडीच.

दुसरी गोष्ट कोंबड्याची. एकदा नराशी संग झाला की कोंबडी पुढे दोन-तीन आठवडे फलित अंडी देऊ शकते. म्हणजे आज कळपातला गावठी कोंबडा काढून कडकनाथचा सोडला, तरी पुढची काही अंडी जुन्या कोंबड्याची असू शकतात. प्रामाणिक माणूस तीन आठवडे थांबतो आणि तेवढे दिवस निघालेली अंडी खायला विकतो. ज्याला थांबायचं नाही, तो थांबत नाही. अंड्यावरून कोणाला कळणार? कडकनाथचं अंडं काळं असतं अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात ते फिकट बदामी रंगाचं, आपल्या गावठी अंड्यासारखंच असतं. आणि पिल्लांच्या रंगावरूनही खात्री देता येत नाही, कारण कडकनाथचा काळेपणा संकरातही बऱ्याचदा उतरतो. दिसायला काळंभोर पिल्लू निम्म्याच रक्ताचं असू शकतं.

तिसरी गोष्ट रोगाची. पिल्लांच्या पांढऱ्या हगवणीचे जंतू आणि श्वसनाच्या जुनाट आजाराचे जंतू आईकडून अंड्यावाटे पिल्लांत उतरतात. आजारी कळपातली अंडी विकणं म्हणजे दुसऱ्याच्या खुराड्यात आजार पोस्टाने पाठवणं. ताईकडचं तिसऱ्या दिवशी मेलेलं पिल्लू कशाने गेलं ते आता कळायचं नाही. पण विकणाऱ्याने आपल्या पक्ष्यांची तपासणी केली होती का, मानमोडीची लस दिली होती का, हे विचारायला हवं होतं. ताईने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

चौथी गोष्ट नात्याची. एकाच कोंबड्यावर आणि चार माद्यांवर कळप चालवला आणि त्याची अंडी शंभर घरी गेली, तर त्या शंभर घरांतली पिल्लं एकमेकांची भावंडं असतात. पुढे त्यांच्यातच जोड्या लागल्या की दोन-चार पिढ्यांत अंडी कमी फुटतात, पिल्लं रोडावतात. जात टिकवतो म्हणून पाटी लावायची आणि जात आतून पोखरायची, असा हा प्रकार होतो.

गिऱ्हाईकच उद्याचा विक्रेता

ताईचं नुकसान काही हजारांचं. पण याच धंद्याने महाराष्ट्रात हजारो घरं पोळली आहेत. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण उघडकीस आलं, ते वाचकांना आठवत असेल. योजना ऐकायला गोड होती. शेतकऱ्याने पैसे भरायचे, कंपनी पक्षी आणि खाद्य देणार, आणि पुढे त्यांची अंडी व पक्षी चढ्या भावाने कंपनीच परत विकत घेणार. सुरुवातीला पैसे मिळाले. मिळाले म्हणून पाहुण्यारावळ्यांनीही भरले. कोणी कर्ज काढलं, कोणी बायकोचे दागिने मोडले. मग एके दिवशी अंडी उचलणारी गाडी यायची थांबली. खुराड्यात शेकडो काळे पक्षी, दारात खाद्यवाल्याची उधारी आणि पोलीस ठाण्यासमोर रांगा.

त्याआधी २०१२ साली तमिळनाडूतल्या इरोड जिल्ह्यात ईमूचा फुगा असाच फुटला होता. आपल्याकडच्याही अनेक शेतकऱ्यांच्या कुंपणात त्या काळी ते लांब मानेचे पक्षी उभे होते.

या दोन्ही प्रकरणांत पक्ष्याचा काही दोष नव्हता. गोची हिशेबात होती. ते अंडं महागात घेणारा कोण होता? खाणारा नव्हे. ते घेणार तो उद्या अंडी विकायला बसणारा दुसरा शेतकरी. त्याचीही अंडी घ्यायला तिसरा लागतो, तिसऱ्याला चौथा. नवा माणूस मिळेनासा झाला की साठ रुपयांचं अंडं एका दिवसात ऑम्लेटच्या भावावर येतं. म्हणून विक्रेता ‘‘यातून महिन्याला इतके कमवाल’’ असं म्हणू लागला की गिऱ्हाईकाने पहिला प्रश्न हा करावा, की ही कोंबडी शेवटी खाणार कोण आणि काय भावाने?

झाबुआचं देणं आणि नवापूरचा धडा

मग देशी जातींची उबवणीची अंडी विकूच नयेत का? मला तसं वाटत नाही. नवापूरचं उदाहरण पाहा.

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर म्हणजे गुजरातच्या सीमेवरचं गाव. या टापूतल्या आदिवासी वस्त्यांत बुसरा नावाची देशी कोंबडी आहे. लहानखुरी, काटक, उकिरड्यावर पोट भरणारी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने देशातल्या वीसच्या आसपास कोंबडीजातींची नोंद केली आहे, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याची ही एक. फेब्रुवारी २००६मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तो याच नवापुरात. साथ आटोक्यात आणण्यासाठी मोठमोठ्या शेडमधले लाखो पक्षी मारावे लागले आणि आसपासच्या घरांतल्या परसातल्या कोंबड्याही त्यात गेल्या. सरकारपुढे दुसरा मार्ग नव्हता. पण विचार करा, एखादी जात जर एकाच तालुक्यात उरलेली असेल, तर एका साथीत ती संपायला किती वेळ लागेल? अशा वेळी दूरच्या दहा गावांत तिचे कळप असणं हाच तिचा विमा. तिथवर ती पोचवायची तर अंडी किंवा पिल्लं द्यावी-घ्यावी लागणारच.

तेव्हा विक्रीला दोष देण्यात अर्थ नाही. जात वाचवायची तर विक्री हवी आणि ती वाचायची असेल तर विक्री खरी हवी. खोटी अंडी दहा गावांत गेली तर जात पसरत नाही, तिचं नुसतं नाव पसरतं.

कडकनाथच्या बाबतीत आणखी एक देणं आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर भागातल्या भिल्ल, भिलाला समाजांनी हा पक्षी पिढ्यान् पिढ्या सांभाळला. तिकडे त्याला ‘काली मासी’ म्हणतात आणि देवीला वाहण्यात त्याचा मान असतो. ही कोंबडी अंड्यांवर बसायला फारशी राजी नसते, म्हणून तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवून वंश पुढे नेण्याचं कामही त्याच बायाबापड्यांनी केलं. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते तिथल्या मांसाला. बेळ्ळंदूरला कोणी कडकनाथचं अंडं म्हणून काय विकतो, त्यावर या मानांकनाने नजर ठेवता येत नाही. नाव त्यांचं, भाव दुसऱ्याचा. निदान नाव तरी खरं ठेवावं, एवढं तर विकणारा करू शकतो.

अशी माणसं आहेतही. मागच्या पिढ्यांची वही ठेवणारी, दरवर्षी बाहेरून नवा नर आणणारी, रोडकी पिल्लं निघाली की अंडी विकणं बंद करणारी. त्यांचा खर्च जास्त असतो आणि भावही. खोट्या अंड्याचा खरा फटका बसतो तो त्यांनाच. एकदा तोंड पोळलेलं गिऱ्हाईक पुन्हा कुठल्याच देशी जातीच्या वाटेला जात नाही.

राहिले तिघे

आता मूळ प्रश्नाकडे. कोंबड्यांचं काय?

अंड्यांच्या मोठ्या धंद्यात या प्रश्नाचं उत्तर क्रूर आहे. अंड्यांसाठीच्या जातींचे नर अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून ते जन्मल्या दिवशीच मारले जातात. जगभरात ही संख्या वर्षाला अब्जावधींत जाते. जर्मनीने १ जानेवारी २०२२पासून ही पद्धत बंद केली. आता तिथे अंड्यातच नर-मादी ओळखण्याची यंत्रं वापरतात.

देशी जातीची गोष्ट वेगळी. झाबुआत कडकनाथचा कोंबडा कोणाला जड होत नाही, उलट त्यालाच भाव असतो. तो जड होतो शहरातल्या गच्चीवर. म्हणून शहरातल्या गिऱ्हाईकाला अंडी देताना दोन वाक्यं सांगणं विक्रेत्याचं कर्तव्य आहे. ‘‘निम्मे नर निघतील. त्यांचं काय करायचं ते आधी ठरवा.’’ शक्य असेल तर तिसरंही, ‘‘नाही जमलं तर मला आणून द्या, काय करीन तेही सांगतो.’’ या वाक्यांनी चार गिऱ्हाइकं परत जातील. जावीत. पुढे रात्री-बेरात्री रस्त्याच्या कडेला कोंबडा सोडून देणारी गिऱ्हाइकं तीच असतात.

आणि घेणाऱ्याचं काय? ताईनेच ते कबूल केलं. ‘‘बारा अंडी घेताना मी बारा कोंबड्याच डोळ्यांसमोर आणल्या होत्या,’’ ती म्हणाली. ‘‘पोरीला चमत्कार दाखवायचा होता. एकविसाव्या दिवसानंतरचा विचारच केला नाही.’’ ज्यांना खरंच पक्षी पाळायचे आहेत त्यांच्यासाठी बंगळूरूतच सोय आहे. हेसरघट्ट्याला केंद्र सरकारची कुक्कुटविकास संस्था आहे. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने परसातल्या पालनासाठी ‘गिरिराजा’ ही जात तयार केली. आपल्याकडेही पुणे, कोल्हापूर, नागपूरला सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. निदान काय घेतोय हे तिथे विचारता तरी येतं.

खाजगी विक्रेत्याकडून घ्यायचंच असेल तर आधी त्याच्या खुराड्यापाशी जाऊन उभं राहावं. नर किती, माद्या किती, दुसऱ्या जाती त्याच कुंपणात फिरतायत का, हे डोळ्यांना दिसतं. अंडी कोणत्या तारखांची, कळपाला लसी कोणत्या, नर कुठून आणला, हे तोंडाने विचारता येतं. खरं काम करणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. उलट खुलतो आणि तासभर सोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

राहता राहिले ते तिघे. मार्ग अखेर अज्जीने काढला. तिचा भाचा कोलारकडे शेती करतो, त्याला तिने बोलावून घेतलं. तो रविवारी आला, कोंबडे उचलून बघितले आणि खूश झाला. ‘‘यांना माझ्या नाटी कोंबड्यांत सोडतो,’’ तो म्हणाला. ‘‘पिल्लं काळी निघतील. कडकनाथ म्हणून अंड्याला पन्नास रुपये कुठे गेले नाहीत.’’ भाचीने हे कानडीतून मराठीत करून सांगितलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. कोलारच्या बाजूला घागस नावाची स्वतःची देशी जात आहे. तीही या गडबडीत बाटणार आणि ताईच्या गच्चीवरून निघालेलं खोटं नाव आणखी शंभर घरी जाणार.

ताईने हिशेबाचा विचार केला नाही. ‘‘हे कडकनाथ नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘मिसळ आहे. खायला न्या, पैसे नकोत. पण यांची अंडी त्या नावाने विकू नका.’’

भाचीने तोही निरोप कानडीतून दिला. मग आईला विचारलं, ‘‘म्हणजे ते यांना खाणार?’’

‘‘हो,’’ ताई म्हणाली. ‘‘आपण रविवारी आणतो, तेही कोणीतरी वाढवलेलंच असतं.’’

पोर काही बोलली नाही. त्या रविवारी घरी वरण-भात झाला. अज्जीच्या भाच्याने ताईच्या बोलण्यावर मान हलवली होती. ती होकाराची होती की टोपलीचं झाकण बांधता बांधता सहज हलली, ते मला अजून नक्की सांगता येणार नाही.

आठवड्याभराने ताईचा फोन आला. तक्रारीवर पहिली सही करणाऱ्या समोरच्या बाई दारात उभ्या होत्या म्हणे. काळी तलंग अंडी घालू लागल्याचं त्यांना खिडकीतून दिसलं होतं. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी सहा अंडी हवी होती, उबवायला. म्हणतील तो भाव द्यायची तयारी होती. कोंबडे जाऊन आठच दिवस झालेले, म्हणजे अंडी फलित असण्याची शक्यता होती.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मग काय, आत बोलावलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. भावाबहिणींची अंडी आहेत, जात खरी नाही, निम्मे कोंबडे निघतील, आणि ते पहाटे चारला काय करतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.’’

‘‘त्या काय म्हणाल्या?’’

‘‘चार अंडी घेऊन गेल्या,’’ ताई हसून म्हणाली. ‘‘भुर्जीला.’’